दोन कप आणि साखरेचा खडा

तीस वर्षं झाली, आमच्या कॅफेच्या काउंटरवर माझ्या नवऱ्याचा गोल रोज हुकतोय. फ्रान्सकडून तो फुटबॉलचा एकच सामना खेळला आणि मोकळ्या गोलसमोरून त्याने चेंडू बाहेर मारला. तेव्हापासून पाळी संपली की खाणकामगार येणार, दोन कपांचे गोलपोस्ट मांडणार, साखरेचा खडा मुद्दाम बाहेर ढकलणार आणि खिदळणार, "काझिमीर, हा तर माझ्या आजीनेसुद्धा मारला असता!" आणि हा बाबा हसत कपबशा विसळणार. आज त्याला पुरून सगळे रिवाजाप्रमाणे कॉफी आणि गोड पावाला आले, तर खाणीतल्या मार्सोने सवयीने दोन कप मांडून समोर साखरेचा खडा ठेवलाच! "मेल्या, आज तरी सोड त्याला!" मी कडाडले. "वहिनी, हात आपोआप गेला," तो पुटपुटला. कप उचलायला मी गेले आणि थांबले. बोटाने तो खडा बरोब्बर कपांमधून सरकवला. "घ्या, झाला एकदाचा! आता कॉफी प्या."