जाणाऱ्याला टोकू नये

बुढा तलावावर दिवे लागले, तरी श्रेयसचा फोन बंदच होता. सकाळी तो मित्राच्या धावपट्टीवरून छोटं विमान घेऊन एकटाच उडाला होता आणि इंधन दुपारपुरतंच होतं. इरावतीने विमानतळावर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "कहाँ जाना है, फ्लाइट प्लान तो भरा ही नहीं, दीदी. चारों तरफ जंगल है. भैया गए किधर, बताइए." ते तिलाही माहीत नव्हतं. "डोळ्यांनी पाहून उडतो, मग प्लान काहून भरू?" असं तो निघताना म्हणाला होता. तेव्हा तिने विचारायला तोंड उघडलं, पण दही-साखरेची वाटी घेऊन आलेल्या सासूबाईंनी दटावलं होतं, "जाणाऱ्याले कुठं म्हणून टोकू नये." ती वाटी अजून उंबऱ्याशीच होती. सासूबाईंनी ती उचलली, दोन्ही हातांत घट्ट धरली आणि विचारलं, "सांग ना वं, कुठं गेला?"