कोरडी वाळू

धाकट्या मुलीला जुळी झाली त्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी तिची आई गेली. बाप रडला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याने खुर्च्या मांडून दिल्या, आणि मध्ये वेळ मिळाला तेव्हा दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीला तेल घातलं. माणसं दबक्या आवाजात म्हणाली, दगड आहे दगड.

रडला तो बोका. आईनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. गुरुवारपासून त्याने अन्नाला तोंड लावलं नाही. तिच्या पलंगाखाली जाऊन तो दबून बसे, घशातून खोल ओरडे, उठे, पुन्हा बसे. ते बघून मावशीच्या डोळ्यांना धार लागली. मुक्या जनावराला कळतं, म्हणून शेजारणी आपापल्या मुलांना दाखवायला घेऊन आल्या.

बोक्याच्या शी-शूच्या वाळूचा ट्रे आई साफ करायची. ते काम आता बापाकडे आलं. शुक्रवारी सकाळी त्याने वाळू चाळली. ओला गोळा एकही नव्हता. संध्याकाळी पुन्हा चाळली. वाळू कोरडी ठणठणीत, नुसती जागोजागी उकरलेली. बापाचा जन्म नळकामात गेला होता. वरून पाणी सोडलंय आणि खाली थेंब नाही, याचा अर्थ त्याला कोणी सांगायला नको होता. त्याने बोक्याच्या पोटाखाली हात घातला. मोठ्या लिंबाएवढा टणक गोळा हाताला लागला. बोका त्याला कडकडून चावला.

त्याने थोरलीला सांगितलं, याची लघवी अडलीय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं, नाहीतर हा जगत नाही. थोरली आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बाबा, तो आईसाठी रडतोय,” ती म्हणाली. “तो काही तुमचा नळ नाही.”

मावशी म्हणाली, ज्याचं काळीजच कोरडं त्याला दुसरं काय दिसणार. दुःखातलं आपल्याला काही कळत नाही, हे एव्हाना बापालाही पटलं होतं. शनिवारभर तो फक्त वाळू चाळत राहिला.

रविवारी बोका दोनदा ओकला आणि ओरडायचा थांबला. सावरला बिचारा, मावशी म्हणाली. बापाने कोणाला न विचारता त्याला हत्यारांच्या पिशवीत घातलं आणि माणसांनी भरलेल्या घरातून तो चालत निघाला.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. किती दिवस, म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. शुक्रवारी आणला असता तर नळी घालून मोकळा केला असता, त्या म्हणाल्या, दोन दिवस कशाची वाट बघितलीत?

बाप टेबलाची कड धरून उभा होता.

“घरात सगळे म्हणाले, तो रडतोय. मला रडणं ओळखता येत नाही, बाई.”

बोका आईच्या दुःखाने गेला, असं त्या घरात आजही सांगतात. तो लघवी तुंबून गेला, रविवारी, दुपारी सव्वातीनला.