त्र्याऐंशी भांडणं

"गेल्या वर्षी एकवीस. यंदा त्र्याऐंशी." मुख्याध्यापकांनी दोन्ही आकड्यांखाली लाल पेनाने रेघ ओढली. "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता. औषध दिल्यावर ताप चौपट झाला, तर डॉक्टरला काय म्हणायचं?"

विज्ञानाच्या तरुण शिक्षिकेने टेबलावरच्या भांडणांच्या वहीकडे पाहिलं. वाचायची गरज नव्हती, तिला ती जवळजवळ पाठ होती. जिन्याखालचं बाक तिनेच मांडून घेतलं होतं. नियम एकच. ज्यांचं वाजलंय, त्यांनी तिथे बसायचं आणि समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. समोरचा 'हो, अगदी हेच' म्हणेपर्यंत उठायचं नाही. मग दोघांनी मिळून वहीत नोंद करायची. हे कसं करायचं ते ती सातवीला शुक्रवारच्या शेवटच्या तासाला शिकवत होती, आणि सातवीकडून ते सगळ्या शाळेत पसरलं होतं. आज चार वाजता पालक समितीची बैठक होती. तो तास ठेवायचा की गणिताला द्यायचा, हे तिथे ठरणार होतं. तास गेला की बाकही जाणार होतं.

"हे ऐका." मुख्याध्यापकांनी चष्मा नाकावर सरकवला. "नोंद सत्तेचाळीस. 'हिने मला उंदीर म्हटलं. मी हिचा डबा हिच्याच डोक्यावर ओतणार होते.' नोंद अठ्ठेचाळीस. 'हा रोज माझ्या जागेवर बसतो. आज ह्याचे दात पाडणार होतो.' शांततेचा तास म्हणे! ही तर युद्धाची दवंडी झाली."

"सर, गेल्या वर्षापर्यंत ही वही तुमच्या कपाटात असायची. रक्त निघालं तरच ती बाहेर यायची. यंदा मुलं आपणहून लिहितात."

"म्हणजे भांडणं वाढलेली नाहीत?"

 भांडणं वाढली असतील, किंवा नुसतं लिहिणं वाढलं असेल. एका वहीवरून ते ओळखता येत नाही. त्यासाठी दुसरं एखादं माप हवं, आणि तेही तिने स्वतः न लावलेलं. तसं माप तिच्याकडे नव्हतं. वर्षभर ते तिला सुचलंही नव्हतं. आता काहीतरी ठोकून द्यावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"मला माहीत नाही, सर," ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षी मारामारीत वर्गातल्या बाकाच्या फळीने एका मुलाचं कपाळ फोडलं गेलं, तेव्हा त्याला हातांवर उचलून हेच दवाखान्यापर्यंत पळाले होते. तो शर्ट त्यांनी पुन्हा कधी घातला नाही.

"खरं बोललात, हे बरं केलंत," ते म्हणाले. "पण 'माहीत नाही' हे समितीपुढे कसं ठेवू? सोलून काढतील मला."

दार किलकिलं झालं. कापूसमावशी आत डोकावल्या. प्रथमोपचाराच्या खोलीत त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. 'कापूस संपला हो' हे त्यांचं पालुपद, म्हणून हे नाव. मघापासून त्या खोका मांडीवर घेऊन बाहेरच्या स्टुलावर बसल्या होत्या. "तुम्ही जा आधी," त्या शिक्षिकेला म्हणाल्या होत्या, "मला काय, बोलणीच खायचीत."

"सर, एक सही हवी होती. टाकून द्यायच्या मालाची. मुदत संपली."

"मुदत संपली?" मुख्याध्यापकांना राग काढायला जागा मिळाली. "मावशी, जवळच्या तारखेचा माल स्वस्त पडतो म्हणून आपण तोच घेतो. का? तर आपल्याकडे काही टिकतच नाही! तीन महिने झाले की 'हे संपलं, ते संपलं' करत तुम्ही माझ्या डोक्यावर बसता. आणि यंदा माल पडून राहिला? काय, कुलूप लावून बसला होतात की काय?"

मावशींनी खोका टेबलावर ठेवला. आत जखमेच्या औषधाच्या सहा बाटल्या. एक रिकामी. पाचांचं सील शाबूत. बँडेजची पाकिटंसुद्धा कुणी फोडली नव्हती.

"ही एक संपली," मावशी रिकामी बाटली दाखवत म्हणाल्या. "ती मैदानावर पडणाऱ्यांची. गुडघे काय, फुटतातच. बाकीच्या..." त्यांचा आवाज खाली गेला. "मी रोज वेळेवर खोली उघडते, सर. मधल्या सुट्टीत चहालासुद्धा हलत नाही. पण मारामारी करून कुणी आलंच नाही."

 शिक्षिकेने सीलबंद बाटल्या पुन्हा मोजल्या. पाचच होत्या.

"मावशी," तिने सावकाश विचारलं, "गेल्या वर्षी किती लागल्या होत्या?"

"सहाच्या सहा. वर आणखी चार मागवल्या. तेव्हा सर किती ओरडले होते, विचारा त्यांनाच."

मुख्याध्यापकांनी एक बाटली उचलली. झाकणावर अंगठा फिरवून पाहिला. मग ती उघड्या वहीवर, त्र्याऐंशीच्या आकड्याशेजारी उभी केली आणि खुर्चीत मागे रेलले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झालेले दिसले. शिक्षिकेच्या लक्षात आलं, की आपण मघापासून खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवलाय. तिने तो सोडला.

"चार वाजता ही बाटली मी बरोबर नेतो," ते म्हणाले, आणि मावशींच्या कागदावर त्यांनी झोकात सही केली.

मावशींना काही कळेना. कागद छातीशी धरून त्या म्हणाल्या, "चुकलं, सर. पुढच्या वर्षी असं नाही होणार."

"होऊ द्या, मावशी," मुख्याध्यापक म्हणाले. "दरवर्षी होऊ द्या."