काकासाहेबांचं इंजन

इंजन पुकपुकलं, दोन धापा टाकल्या नि गप झालं. चक्कीच्या तोंडात अर्धवट ज्वारी तशीच अडकून राहिली.

"मेलं परत!" कडूबा ओरडला. दळणाला आलेल्या बायांमध्ये तो एकटाच बाप्या, त्यामुळं त्याच्या जिभेला ऊत आलेला. "काकासाहेब, निजामशाही गेली, पन ह्याची मिजास काई गेली न्हाई बघा."

बाया हसल्या. गोजरबाई तर पाटीवर हात आपटून हसली. मालक काकासाहेब हसले नाहीत. वाटूरला आठ गावांचं दळण यायचं आणि दसऱ्यापासून इंजन हे असं करत होतं. हँडल मारलं की सुरू, घटकाभरानं बंद.

त्यांनी टाकीचं झाकण काढलं, काडी बुडवून पाहिली. तेल भरपूर. झाकण घट्ट लावलं. मग त्यांची नजर चक्कीखाली गेली. तिथं सगुणाबाई सांडलेलं पीठ झाडत होती. ते पीठ हीच तिची मजुरी, संध्याकाळी त्याचीच भाकर.

"सगुणा, भायेर हो जरा."

ती बाहेर गेली. हँडल मारलं. इंजन सुरू!

"पाह्यलं?" काकासाहेब सगळ्यांकडं बघत म्हणाले.

पीठ लोकांच्या पायाखाली जायला लागलं, तशी सगुणाबाई झाडू घेऊन हळूच आत आली. थोड्या वेळानं इंजन बंद. परत झाकण, परत काडी, परत बाई बाहेर. हँडल मारलं. सुरू!

"आता काय ऱ्हायलं सांगायचं?" काकासाहेब म्हणाले.

"आवो, वरसभर ती हितंच झाडून राह्यली," कडूबा म्हणाला. "तवा कसं बंद न्हाई पडलं?"

"तवा तिचा नवरा जिता व्हता."



ती बाहेर असतानाच इंजन पुन्हा बंद पडलं. काकासाहेबांचं उत्तर तयार होतं. "दारातून बघत व्हती ना ती! नजर पडली." तिला पार लांब, कडुलिंबाखाली बसवलं आणि परतूरच्या मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

रामकिसन मिस्त्री दुपारी सायकलवर आला. त्यानं टाकीचं झाकण उचललं, उजेडात धरलं.

"ह्याला भोक असतंय. वरून हवा गेली तरच तेल खाली उतरतं. झाकन उघडलं की हवा शिरून घटकाभर चालत आसंल. हे कुनी बुजवलं?"

भोकात शेंदूर. तेलात कालवलेला, वाळून दगड झालेला. दसऱ्याला काकासाहेबांनीच इंजनाची पूजा केली होती, स्वतःच्या हातानं, टाकीपासून पायापर्यंत, बोटभर जागा मोकळी सोडली नव्हती. प्रसाद सगळ्यांनीच खाल्ला होता.

"देवाचा श्वासच कोंडला की वो तुमी!" कडूबा म्हणाला. बायांनी तोंडात पदर कोंबले.

मिस्त्रीनं तार घालून भोक मोकळं केलं. इंजन सुरू झालं ते थांबेचना. एक पाटी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

"अन् हे बघा, हिकडं बघा!" कडूबानं एकदम चक्कीखाली बोट केलं. "बाई कवाची आत हाये! अन् इंजन बराबर चालू!"

सगुणाबाई झाडता झाडता थांबली. दिवसभरात पहिल्यांदा तिला थोडं हसू आलं. सगळे काकासाहेबांकडं बघायला लागले. मिस्त्री आपले पाने-पकडी गोळा करायला लागला.

काकासाहेबांनी इंजनाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"चालू हाये तवरच भायेर जा," ते म्हणाले. "अन् उद्यापासून येऊ नको. मिस्त्रीचा खर्चा परत परत कोन करील?"

तिनं झाडू भिंतीला टेकवला. पदरातलं पीठ सांभाळत बाहेर आली नि बायांच्या रांगेजवळ उभी राहिली. आत इंजन दणक्यात चाललं होतं.

गोजरबाईनं आपली पाटी जवळ ओढून घेतली.

"सरक माय जरा तिकडं. माझं दळन व्हायचंय अजून."