खटखटे लाडू

लाडू फुटला नाही. हलली ती दाढ.

सगुण तोंड मिटून तसाच बसून राहिला. मग जिभेनं हळूच चाचपून पाहिलं. उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी. ती आधी पुढे डुलली, मग मागे. समोर शिरगावच्या जत्रेतून आणलेली खटखट्या लाडवांची पुडी उघडीच होती. हे लाडू लोक उंबऱ्यावर आपटून फोडतात, सगुण दाढेनं फोडायचा. पाळी गावच्या खाणीवर त्यानं पस्तीस वर्षं नोकरी केली. पण मये गावात त्याला ओळखत ते लाडू फोडणारा सगुण म्हणूनच.

डिचोलीच्या दातांच्या डॉक्टरनं तोंडात आरसा घालून पाहिलं. "ही काढावी लागेल. शेजारचीही. बाकीच्यांचं बघू."

त्या 'बघू'नं सगुणची झोप उडाली. बाकीच्याही गेल्या तर? तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांचं कुरकुरीत किसमूर, भाजलेले काजू, सगळं संपलं? शेवटच्या वर्षी आईला चमच्यानं पेज भरवलेली त्याला आठवली. चावता येईना झालं की माणूस दुसऱ्याच्या हाती जातो, असं त्याच्या मनानं घेतलं आणि तो खरोखरच घाबरला. विमलाला, म्हणजे बायकोला, तो यातलं काही बोलला नाही. तिला कशाला घोर? दुपारी जेवून सोप्यावर आडवा झाला की आत खलबत्त्याची ठकठक सुरू व्हायची. रात्रीच्या आमटीचा मसाला असेल. एरवी त्या ठकठकीवर त्याचा छान डोळा लागायचा. आता तो आढ्याकडे बघत जिभेनं दाढ हलवत पडायचा.

पण भीतीच्या जोडीला त्याला एक नवाच नाद लागला. बिनदातांची माणसं जेवतात कशी? तो लोकांची तोंडं बघू लागला. बसमध्ये, देवळात, बाजारात. एक म्हातारी शेंगदाणा गालात ठेवून अर्धा तास बसली होती. तिच्या नादात सगुणचा थांबा चुकला. साठी उलटेपर्यंत आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही, याची त्याला गंमत वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या चहाच्या दुकानात शेजारचा भिकाजी भेटला. भिकाजीच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. कडक सालीचा उंडो पाव पातळ भाजीत बुडवून तो मजेत खात होता. सगुण त्याच्या पुढ्यातच जाऊन बसला.

"भिकाजी, दांत नासतना तुका जेवूंक जमता कशें रे?"

"जमता. शिकचें पडटा. पयलीं हांवूय भियेल्लों. मागीर कमलान शिकयलें." कमल म्हणजे भिकाजीची बायको.

"आनी कमलाक कोणें शिकयलें?"

भिकाजीचा हात भाजीतच थांबला. "तुज्याच बायलेन मरे. तुका खबर ना?"

थट्टा समजून सगुण हसला. भिकाजी हसला नाही.

त्या दुपारी सगुण जेवला, हात धुतला आणि सोप्यावर जाऊन बसला, पण आडवा झाला नाही. ठकठक सुरू झाली तसा तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वाढणाऱ्या बाईनं शेवटी बसायचं, ही त्याच्या आईच्या वेळेपासूनची घरची रीत. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि विमलाला जेवताना तो आज पहिल्यांदा बघत होता. ताटात भात-आमटी होती. भाजीतल्या शेंगा खलात होत्या आणि ती त्या कुटत होती. शेजारी जत्रेतला एक लाडू आपली पाळी येण्याची वाट बघत होता.

"विमला, तोंड उगड पळोवया."

ती दचकली, मग हसली आणि तिनं तोंड उघडलं. पुढचे दात होते. हसायला तेवढे पुरत होते. मागे दोन्हीकडे काहीच नव्हतं.

"केन्ना गेल्यो?"

"गोंय घटकराज्य जालें त्या वर्सा. तुमी चवाठ्यार लाडू वाटताले मूं, त्याच दिसा माजी शेवटची दाढ काडली."

नऊ वर्षं झाली होती त्याला. नऊ जत्रांतून सगुणनं पुड्या आणल्या होत्या आणि दर वेळी कौतुकानं तिच्या हातावर दोन लाडू जास्तीचे ठेवले होते. दर वेळी ती म्हणाली होती, बरे आसात.

"माका सांगलें कित्याक ना?"

"तुमी विचारूंक ना." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरातलं मीठ संपलंय, हे ती याच आवाजात सांगायची. मग तिनं त्याच्या गालाकडे बोट केलं. "आनी तुमची ती उजवी? चार दीस जाले, डाव्यान चाबतात."

सगुणला लाज वाटली. चार दिवसांची भीती मात्र थोडी सैल झाली. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिचा लाडू त्यानं खलात टाकला आणि तिच्या हातातून बत्ता घेतला. पहिला घाव बसला आणि त्याचा हात तसाच थांबला. दर दुपारी ज्या ठकठकीवर तो नऊ वर्षं सुखानं झोपला होता, ते विमलाचं चावणं होतं.