झाकण

तिसरा लॅपटॉपही तसाच निघाला. बाईंनी उजव्या हाताच्या अंगठ्याने झाकण वर उचललं, तर त्याच्यासोबत खालचा भागही उठला. नेट लावून ढकललं, तर अख्खा लॅपटॉप काउंटरवरून मागे सरकला. डावा हात कडेला लोंबत होता. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच होता.

"द्या मॅडम, मी उघडतो," म्हणत सेल्समनने दोन्ही हात लावून झाकण झटकन उघडलं. "बघा, किती सोपं आहे!"

"बंद करा ते."

"अहो, पण..."

"बंद करा म्हटलं ना!"

त्याने झाकण लावलं आणि मदतीसाठी बाईंच्या नणंदेकडे पाहिलं. दुकानात पाऊल टाकल्यापासून तो तिच्याशीच बोलत होता. बॅटरी किती तास चालते, ते तिला. हप्ते कसे पडतात, ते तिला. झटक्यात बाईंचे कानही गेले असावेत, असा त्याचा समज दिसत होता.

नणंदेच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर तिने सात लॅपटॉपांची नावं, वजनं आणि किमती नीट रकाने पाडून लिहिल्या होत्या. दोनांवर काट मारून झाली होती.

"वहिनी, सव्वा किलोचा आहे हा. आपल्या पैशांत याहून हलका मिळत नाही. तीन आठवडे डोळे फोडून बघतेय मी."

"हलका आहे म्हणूनच तर उठतोय मेला."

"मग तो मघाचा जाड घेऊ. तो उघडला होता की एका बोटाने."

जाड लॅपटॉप खरंच बूड टेकून बसला होता, उघडलाही होता. पण पिशवीत घालून तो उजव्या खांद्याला लावला आणि त्याच हातात काठी घेतली, तेव्हा दुसऱ्याच पावलाला पट्टा घसरला होता. बाईंनी काउंटर धरला नसता तर लॅपटॉपही गेला असता आणि त्याही.

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," नणंद पुटपुटली.

सेल्समनने खाली रबरी चटई ठेवून पाहिली. लॅपटॉप सरकायचा थांबला, उठायचा काही थांबला नाही.

बाई विमा कंपनीच्या सर्व्हेयर होत्या. जळालेली गोदामं आणि पाणी शिरलेली दुकानं बघायची, आणि नुकसान खरं किती, ते तिथल्या तिथे लिहून पाठवायचं, हे त्यांचं काम. सोमवारपासून परत रुजू व्हायचं होतं. एकटीने सगळं जमेल, सोबत कुणी लागणार नाही, असं साहेबांना त्यांनीच ठणकावून सांगितलं होतं.

"अगं, तू जाशील तिथे कुणी ना कुणी असेलच की," नणंद म्हणाली. "एवढं झाकण उघडून द्यायला कोण नाही म्हणणार आहे?"

"ज्याचं गोदाम जळालंय त्याला सांगू? जरा हे उघडून द्या हो, तुम्ही खोटं बोलताय का, ते लिहायचंय?"

सेल्समनला हसू आलं. त्याने ते खोकल्यात लपवलं.

"मग मी येत जाईन तुझ्याबरोबर."

"आणि किती दिवस येशील?"

नणंदेने हातातला कागद काउंटरवर आपटला. "माझ्यावर कशाला चिडतेस? अकरा व्हिडिओ बघितले मी. स्क्रीन अशी, आवाज तसा, रंग कुठला. एका हाताने उघडतो का, ते एकानेही सांगितलं नाही!"

"कशाला सांगतील? त्या सगळ्यांना दोन-दोन हात आहेत."

शेजारच्या काउंटरवर एक जोडपं हेडफोनच्या रंगावरून वाद घालत होतं.

बाईंनी काठी काउंटरला टेकवून ठेवली आणि तोच लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. या वेळी घाई केली नाही. अंगठ्याने झाकण हळूहळू उचललं. दोन बोटं मावतील एवढी फट पडली आणि झाकण तिथेच अडलं. आणखी जोर केला असता तर खालचा भाग पुन्हा उठला असता. सेल्समनचा हात सवयीने पुढे आला. नणंदेने तो तिथल्या तिथे धरला.

बाईंनी उजवा हात सोडला. झाकण होतं तिथेच राहिलं. मग त्यांनी आपलाच डावा हात मनगटाला धरून उचलला, टेबलावरची एखादी वस्तू उचलावी तसा, आणि बोटांकडून त्या फटीत सारला. तळवा आत गेला. हाताचं सगळं ओझं कीबोर्डवर पडलं.

मग उजव्या हाताने झाकण वर लोटलं.

खालचा भाग जागचा हलला नाही. झाकण मात्र मागे गेलं, पार सरळ उभं राहिलं. स्क्रीन उजळली.

"हाच द्या," बाई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता.

सेल्समन खोकं आणायला आत गेला. गिऱ्हाइकांना टाईप करून बघता यावं म्हणून त्याने स्क्रीनवर एक कोरं पान उघडून ठेवलेलं होतं. निर्जीव बोटांखाली कुठलीशी कळ दाबली गेली होती आणि त्या पानावर एकच अक्षर धावत सुटलं होतं. एक ओळ भरली, दुसरी भरली, तिसरी सुरू झाली.

"अगं बाई, काय काय टाईप होतंय बघ!" नणंदेने बाईंचा तो हात उचलायला आपला हात पुढे केला.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "कामाला लागलाय तो."