तुम्ही जा पुढे

“तुम्ही जा पुढे,” झोळीवाली म्हणाली.

ओर्तेन्सियाबाईंचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. नर्सने पुकारलेला नंबर त्या पोरीचाच होता. मुलांच्या इस्पितळातला तातडीचा विभाग हा, इथे कोणी हक्काचा नंबर सोडतं का? मघाशी भाजलेल्या मुलाला तिने पुढे पाठवलं, ते ठीक. मग कान दुखणाऱ्या मुलीला. आणि आता नुसत्या खरचटलेल्या गुडघ्याला!

बाईंची नात रोसमेरी बाकावर उड्या मारत होती. तिने नाकात पावट्याचा दाणा घातला होता.

“आजी, अजून एकदा शिंकू?”

“आता शिंकू नकोस. कोंब फुटला की आपोआप बाहेर येईल. बैस खाली.”

बसणार कुठे? बाक भरलेले, भिंती भरलेल्या. शेतकऱ्यांनी एल आल्तो शहरात येणारे सगळे रस्ते अडवले होते. बाकीचे डॉक्टर पलीकडे अडकले, इथे एकच डॉक्टरीण पोहोचली. टोकनं सकाळीच संपली. नंतर आलेल्यांना दारावरचा पहारेकरी ‘उद्या या’ म्हणून परत पाठवत होता. दार उघडलं की थंड वारा आत घुसायचा आणि झोळीवाली दचकून तिकडे बघायची.

“नाव काय गं तुझं?” बाईंनी विचारलं.

“कासिल्दा.”

“लांबून आलीस?”

“नाही, इथलीच. बाजारात कांदे विकते. नवरा गावी असतो, शेतावर.”

“आणि बाळाला काय झालंय?”

“एलिओला ताप आहे. श्वास घेताना छातीत घरघर होते.” बोलता बोलता तिने पाठीवरची झोळी पुढे घेतली आणि डोलायला लागली.

“मग नंबर का सोडतेस? वेडी का खुळी?”

“थांबते थोडी.”

ओर्तेन्सियाबाईंनी सहा मुलं वाढवली होती. तापातलं पोर कण्हतं, लाथा झाडतं, आईच्या छातीशी झोंबतं. या झोळीतून सकाळपासून हूं की चूं नाही.

“दूध तरी पाज त्याला.”

“नंतर.”

“बघू दे, चेहरा बघते.”

“नको.” कासिल्दाने झोळी छातीशी घट्ट धरली. “नजर लागेल.”

बाईंनी हात मागे घेतला. त्यांच्या गावात एका आईने असंच मूल पाठीवर बांधून ठेवलं होतं. शेतात गेली, बाजारात गेली. ते केव्हाच गेलंय हे सांगायला कोणाची जीभ रेटत नव्हती. शेवटी वास आला तेव्हा बायकांनी मिळून गाठ सोडली.

“आजी, ते बाळ झोपलंय?” रोसमेरीने विचारलं.

“हो. बोलू नकोस.”

नर्स पुन्हा दारात आली. “पावटा! पावटेवाली मुलगी कुठे आहे?”

लोक हसले. रोसमेरी टुणकन उठली. बाईही उठल्या, पण पाय पुढे पडेनात.

“सिस्टर, आमचं राहू दे. आधी हिचं बाळ बघा.”

“नाही!” कासिल्दा जवळजवळ ओरडली. “त्यांचा नंबर आहे, त्यांना घ्या. माझं टोकन आहे माझ्याकडे. मी थांबीन.”

“कशाची वाट बघतेस, पोरी?” बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. आवाज शक्य तितका मऊ केला. “मीही आई आहे. दे इकडे. एकटीने किती वेळ उचलशील?”

“आजी, नका ना,” कासिल्दा म्हणाली.

नर्सही जवळ आली. झोळीकडे बघून तिचा चेहरा उतरला. तिने कासिल्दाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मानेनेच बाईंना खूण केली. कासिल्दाचे हात सैल पडले. ओर्तेन्सियाबाईंनी क्रूसाची खूण केली, श्वास रोखला आणि गाठ सोडली.

आत लोकरीची चादर होती. घट्ट गुंडाळलेली. ती उलगडली तर आत आणखी एक चादर. त्यात काहीच नव्हतं.

“बाळ कुठंय?” रोसमेरीने विचारलं.

“हळू बोल गं, पहारेकरी ऐकेल,” कासिल्दा दाराकडे बघत पुटपुटली. “बापाच्या पाठीवर आहे. रस्ता बंद, म्हणून गावाहून काल रात्रीपासून चालत येतायत. टोकनं मात्र इथे सकाळीच संपतात.”